सभेच्या घड्याळाला नवी साखळी बसते

ज्या गावात घड्याळ नाही त्या गावात कोणालाच उशीर होत नाही. आणि ज्याला कधी उशीर होत नाही, त्याची उन्नती व्हावी तरी कशी? हे सत्य कल्याणातल्या काही विद्वान गृहस्थांच्या ध्यानात अठराशे ऐंशीच्या सुमारास आले आणि त्यांनी पारनाक्यापाशी एक माडी भाड्याने घेऊन कालनियमन सभा स्थापन केली. सभेने वर्गणी काढून एक विलायती घड्याळ आणले, ते रस्त्याकडे तोंड करून टांगले, आणि त्याला किल्ली देण्यासाठी गुणाजी नावाचा शिपाई नेमला. परिणाम ताबडतोब दिसला. तोपर्यंत गावात उशीर होण्याचे प्रमाण शून्य होते. वर्ष सरायच्या आत कारकून, पंतोजी, भाताचे व्यापारी, सगळे सारख्याच उत्साहाने उशिरा येऊ लागले, आणि उशीर झाल्याचे त्यांना कळूही लागले. (खाडीच्या भरती-ओहोटीने मात्र सभेला शेवटपर्यंत दाद दिली नाही.)

सभेचे दुसरे मोठे कार्य म्हणजे घटिकापात्राचे उच्चाटन. गावचे जोशी हरिहरभट लग्नाचा मुहूर्त बापजाद्यांच्या रीतीने साधत. पाण्याने भरलेले घंगाळ, त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. ही रीत अडाणीपणाची असल्याचा ठराव सभेने एकमताने केला. हरिहरभट स्वतः सभासद असल्यामुळे त्यांनीही हात वर केला. वाटी त्यांनी घरात देऊन टाकली. घरच्या मंडळींनी ती ताकाला घेतली, गळते असे पाहिले, आणि दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून भोक बुजवून घेतले. काम चोख झाले. त्या वाटीतून आजतागायत एक थेंब गळालेला नाही.

अशा रीतीने गावातली सारी वेळ एका घड्याळात सुरक्षित ठेवल्यावर त्या घड्याळाची साखळी तुटली.

ज्यांनी घड्याळ फक्त बाहेरून पाहिले आहे त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की या जातीच्या घड्याळात एक कमान असते आणि एक शंकूच्या आकाराची गरारी असते, आणि दोघींच्या मध्ये करगोट्याहून बारीक अशी पोलादी साखळी असते. कमान ओढते, साखळी ओढली जाते, गरारी फिरते, काटे पुढे सरकतात. (सभेचा कारभारही याच तत्त्वावर चाले, ओढले जाण्याचे काम गुणाजीकडे होते.) साखळी तुटली तेव्हा आतून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज आला आणि काटे थबकले.

एरवी घड्याळ बंद पडल्याने सभेचे काही अडले नसते. पण सभेचे चिटणीस श्रीपादपंत यांची मुलगी चित्रा हिचे लग्न तोंडावर आले होते. वर ठाण्याचे त्र्यंबकराव, अव्वल कारकून, इंग्रजी उत्तम, पगार चांगला, बिजवर. पहिली पत्नी बाळंतपणात गेली. ती का गेली याचा शोध त्यांच्या मातोश्रींनी लावला होता: त्या लग्नात भटजी बोलत राहिले, अंतरपाट उशिरा खाली आला, आणि मुहूर्त थोडक्यात टळला. म्हणून या खेपेला त्यांनी अट घातली की लग्न घड्याळ पाहून, मिनिटाला मिनिट लागले पाहिजे, नाहीतर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल. श्रीपादपंतांना ही अट फार आवडली. असे सुधारक विचाराचे व्याही मिळायला भाग्य लागते, असे ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंना त्यात भाग्य दिसेना. घड्याळ बंद पडल्याचे कळताच त्या पंतांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला वऱ्हाड परत जाण्याची भीती नाही," त्या म्हणाल्या. "मुहूर्त टळला तर माझ्या पोरीचंही त्या पहिलीसारखंच होईल. मला रात्रंदिवस तेवढंच दिसतंय."

"अगं, मग त्याचीच तर व्यवस्था करतोय," पंत म्हणाले आणि त्यांनी सभेची तातडीची बैठक बोलावली.

बैठकीत उपाय पुष्कळ निघाले. घटिकापात्र पुन्हा काढावे तर ते आता ताकात होते, आणि पूर्वीचा ठराव रद्द करायचा तर तशी आगाऊ सूचना द्यावी लागे. मधुसूदन वकिलांनी उन्हातल्या सावलीवरून वेळ काढण्याची कल्पना मांडली, पण सावली न शिकलेल्यांनाही दिसते, तेव्हा तिला शास्त्रीय म्हणता येईना. राहता राहिले रेल्वेचे घड्याळ. ते मद्रासच्या वेळेने चालते, आणि मद्रासच्या सूर्यावर विसंबून कल्याणची मुलगी द्यावी, हे कोणालाच रुचले नाही. अर्धा तास इकडेतिकडे केला की झाले, असे एकाने सुचवले. मात्र तो अर्धा तास वजा करायचा की मिळवायचा यावर दोन तट पडले आणि ते दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटी साखळीच बदलावी असे ठरले. गावातला सोनार म्हणाला की साखळीच आहे, मी जोडून देतो. त्याला नम्रपणे नकार देण्यात आला. जो सगळेच दुरुस्त करतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? नाजूक कामाला त्या एकाच कामाचा माणूस हवा. असा माणूस ठाण्यात मासुंदा तळ्याजवळ बसत असे. गोपीनाथ घड्याळजी. तो फक्त साखळ्या बदलत असे. कमान त्याचा मेव्हणा पाही, काट्यांचा माणूस भिवंडीला होता आणि तबकडीवाला वारला होता. एवढी चौकशी झाल्यावर सभासदांचा आदर दुणावला.

गोपीनाथ आला, त्याने पान खाल्ले, घड्याळाला कान लावला (ते बंद होते), आणि मान हलवून म्हणाला, "याला आधी कुणाचा हात लागलाय?"

हे वाक्य या विद्येचे मंगलाचरण आहे. ते म्हटल्याशिवाय कोणताही अस्सल कारागीर झाकण उघडत नाही, आणि एकदा म्हटल्यावर पुढे जे काही बिघडेल ते आधीच्या हाताने बिघडवलेले असते. सभेला ही परंपरा ठाऊक नव्हती. तिने प्रश्न खरा मानून चौकशी समिती बसवली आणि गुणाजीला समोर उभे केले.

"मी कय केला नाय, साहेब," गुणाजी म्हणाला. "रोज चावी दिली. चावी द्यायलाच ठेवलाय ना मला?"

समितीने हा कबुलीजबाब धरला. घड्याळाला रोज हात लावणारा इसम तोच, सबब दोषी तोच, असा निष्कर्ष निघाला; आणि त्याने यापुढे किल्ली द्यावी, पण हात न लावता द्यावी, अशी ताकीद झाली.

दरम्यान गोपीनाथने घड्याळ खाली उतरवून त्याचे अवयव एका पंच्यावर मांडले. खोललंच आहे तर तेल घालून घेऊ, असे तो म्हणाला. तेल घालायचं तर आधी घासून घेऊ. घासायचं तर दोन चक्रं काढू. चक्रे काढल्यावर त्यांच्याकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला की बरं झालं मला बोलावलंत, दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर घड्याळ हातचं गेलं असतं. हे ऐकून श्रीपादपंतांचे डोळे पाणावले. मग त्याने नवी साखळी कधी बसेल याचे उत्तर दिले, ते "उद्या" असे होते.

या शब्दाविषयी गैरसमज फार आहेत. कारागिराचा उद्या हा सूर्यावर अवलंबून नसतो. तो कामाच्या पोटातून पिकून यावा लागतो आणि घाई केली तर कच्चा निघतो. पंत रोज माडीवर जात, उद्या म्हणजे कधी असे विचारत, आणि "उद्याच की, पंत, मी कुठं पळून चाललोय?" हे ऐकून घरी येत. घरी मंदाकिनीबाई दारातच उभ्या असत. त्यांचे जेवण तुटले होते. त्यांनी देव पाण्यात घातले होते, आणि सभेला कळू न देता हरिहरभटांच्या घरी जाऊन ताकाची वाटीही पाहून आल्या होत्या.

घरात काळजी अशी एक चित्रालाच नव्हती. माडीवर जाऊन तिने गोपीनाथकडून तुटक्या साखळीचा तुकडा मागून आणला होता, कारण तिच्या बाहुलीचेही लग्न ठरले होते आणि दागिना कमी पडत होता.

"तिकडच्या घरी पण घड्याळ आहे का हो, अप्पा?" तिने वडिलांना विचारले.

"आहे तर. सोन्याचं आहे, साखळीचं."

"मग संध्याकाळी किती वाजता मला घरी आणाल?"

पंतांना माडीवर जायची घाई होती. ते म्हणाले, "उद्या सांगतो."

लग्नाच्या दिवशी सकाळी, मांडवात सनई सुरू झाली असताना, गोपीनाथचा उद्या उगवला. साखळी बसली. किल्ली दिली, लंबक हलवला, घड्याळ टकटक करू लागले. माडीवर जमलेल्या सभासदांनी एकमेकांना आलिंगन दिले.

"झालं माझं काम," गोपीनाथ हात पुसत म्हणाला. "आता किती वाजलेत तेवढं बघा, काटे तिथं नेऊन ठेवा आणि मला मोकळा करा."

"म्हणजे? वेळ तुम्ही नाही लावणार?"

"मी साखळीवाला, पंत. वेळ म्हणजे काट्यांचं काम. आणि घड्याळ मी ठेवत नाही. लोकांची आहेत की एवढी."

सभासदांनी आपापली खिशातली घड्याळे काढली. ती सगळी सभेच्या घड्याळावरून लावलेली होती, आणि सभेचे घड्याळ बंद पडल्यापासून ती पोरक्या मुलांसारखी वाटेल तिकडे गेली होती. कोणाचे साडेनऊ दाखवत होते, कोणाचे पावणेअकरा. वकिलांचे बंद होते, पण ते म्हणाले की बंद पडण्यापूर्वी ते फार अचूक होते. प्रत्येकाचे म्हणणे असे की त्याच्या घड्याळावरून सभेचे लावावे, कारण त्याचे सभेच्या घड्याळावरून लावलेले आहे. तर्क निर्दोष होता, पण काटे हलेनात. मुहूर्त साडेदहाचा होता, आणि तो यायचा होता की होऊन गेला होता, हे कल्याणात कोणालाही सांगता येत नव्हते.

तेव्हा वकिलांनी तोड काढली. सुधारलेल्या जगात सत्य बहुमताने ठरते. वेळ ही सत्याचीच पोटजात आहे. ठराव मांडला गेला. साडेनऊला मते थोडी पडली, कारण मांडवात उकडत होते. पावणेअकराला हरिहरभटांखेरीज कोणी मत दिले नाही, कारण मग मुहूर्तच गेला असता. सव्वादहाला भरघोस बहुमत मिळाले, कारण सव्वादहा धरले तर पागोटे बांधून, घोटभर पाणी पिऊन मांडवात वेळेवर पोचता येत होते. कल्याणात सव्वादहा वाजले. श्रीपादपंतांनी स्वतःच्या हाताने काटे फिरवले.

खाली मंदाकिनीबाई जिन्याशी थांबल्या होत्या.

"मुहूर्त सापडला का?" त्यांनी विचारले. "खरं सांगा. मला माझ्या लेकीच्या जिवाचं पडलंय."

"सापडला. सभेने मंजूर केलाय," पंत म्हणाले, आणि त्या माउलीने तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले.

लग्न अपूर्व झाले. घड्याळ मांडवात आणून खुर्चीवर ठेवले होते. वरमाय त्याच्याकडे पाहत होत्या, वऱ्हाडी त्याच्याकडे पाहत होते, हरिहरभट मंगलाष्टके म्हणतानाही त्याच्याचकडे पाहत होते. नवरीला पहाटे उठवल्यामुळे मामाच्या खांद्यावर झोप लागली होती, तिला जागे करण्यात आले. ठरल्या मिनिटाला अंतरपाट खाली आला. माळ घालून घेण्यासाठी नवरदेवांना बरेच वाकावे लागले. (ते उंच आहेत.) वरमायेने समाधानाने मान डोलावली आणि त्या म्हणाल्या, "आता कसली म्हणून भीती उरली नाही."

सभेने या प्रसंगाचा अहवाल छापून गावोगाव पाठवला. त्यात साखळीची लांबी आहे, तेलाचा प्रकार आहे, गुणाजीला दिलेली ताकीद आहे, गोपीनाथची शिफारस आहे आणि वेळेच्या ठरावाला कोणी किती मते दिली तेही आहे. नवरीचे वय तेवढे नाही, कारण ते कोणी विचारले नाही. (आठ. पहिली बाळंतपणात गेली तेव्हा तिला चौदावे होते.) यावरून सभेला हसणे सोपे आहे, आणि आपण मघापासून हसतही आला आहात. पण आपणही इथवर साखळी बसते की नाही, याच काळजीत होता. ती बसली. घड्याळ उत्तम चालले आहे.