पाचव्या मजल्याखाली जिना

महापालिकेने योजना काढली: ज्या इमारतीत सर्वांत कमी वीज जळेल, तिला सन्मानपत्र. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी मी (दुसरं कोणी तयार नव्हतं). मी उत्साहाच्या भरात फलक लावला, 'पाचव्या मजल्याखालच्यांनी लिफ्ट वापरू नये. जिना चढा, कार्बन घटवा!' स्वतः राहतो चौथ्यावर. हे फलक लावायच्या आधी सुचायला हवं होतं.

पहिल्या दिवशी चढलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्या दिवसापासून, आसपास कोणी नाही असं बघून, गुपचूप लिफ्ट.

महिनाभर बिनबोभाट चाललं. मग गेल्या सोमवारी ऑफिसातून आलो, लिफ्टमध्ये शिरलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ती धाडकन थांबली. दिवा गेला, पंखा गेला. वर कुठेतरी कर्रर्र वाजलं.

दोर तुटला तर? घंटेच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच मागे घेतलं. घंटा वाजली की अख्खी इमारत जमणार, दार उघडणार आणि आत कोण? सेक्रेटरी! (पडून मेलो असतो तरी लोकांनी आधी हेच विचारलं असतं, 'पण हा लिफ्टमध्ये काय करत होता?')

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आमच्या समोर राहणारे मास्तर, वय वर्षे बाहत्तर. ते नेमके माझ्या डोक्यावरच्या दाराला टेकून दम खायला थांबले. मी श्वास रोखून धरला. छाती अशी धडधडत होती की त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. ते गेल्यावर बायकोला फोन लावला.

"अगं, मी अडकलोय."

"कशात?"

"लिफ्टमध्ये. हळू बोल! कोणाला कळता कामा नये."

"कळायचं काय राहिलंय? चौथ्यावर थांबली की टिंग वाजते ती. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना? मग कोणी बोललं कसं नाही?"

"मीच सांगून ठेवलंय, यांचं हृदय नाजूक आहे म्हणून. मग काय सांगू, नवरा लबाड आहे?"

एवढं बोलून तिने जिन्यात जाऊन आरोळी ठोकली, "अहो, धावा! हे लिफ्टमध्ये अडकलेत!"

वॉचमनने हाताने चाक फिरवून लिफ्ट तिसऱ्यावर आणली. दार उघडलं. सगळे हजर होते आणि एकही जण हसत नव्हता. कोणी वारा घालतंय, कोणी नाडी बघतंय. मास्तरांच्या तर डोळ्यांत पाणी.

"अरे, एवढं दुखणं अंगावर काढलंस आणि आम्हाला बोलला नाहीस?"

लाजेने मान वर होईना. त्यांना वाटलं, अशक्तपणा.

लिफ्ट दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागणार आहेत. मी ठणठणीत आहे हे कळलं तर ही माणसं मला जिन्यावरून खाली ढकलून देतील, या धास्तीने मी गप्प आहे. रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेतात. वीज अजिबात लागत नाही. पुढचे दोन पाय मास्तर धरतात, आणि दर मजल्यावर थांबून मलाच विचारतात, "दमला नाहीस ना रे?"