त्यांना बोलावू का?

ढवळीकरबाईंसमोर कुणी गैरहजर माणसाबद्दल बोलायला लागलं, की त्या हातातला घास डब्यात ठेवत आणि अगदी सहज विचारत, "बुला लूँ?" म्हणजे, त्यांना बोलावू का? विचारणं नावापुरतंच. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत बाई उठून दारापर्यंत पोचलेल्या असत.

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही भुसावळहून बनारसला आलो, आणि मी तिथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. ढवळीकरबाई तिथे भूगोल शिकवत. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घराणं त्यांचं. पण 'ळ' तिकडच्या जिभेला वळत नाही, त्यामुळे शाळेत त्या 'धवली दीदी' झाल्या होत्या. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'अगं' म्हणून टाकलं आणि मी त्यांना ताई म्हणू लागले.

ती सवय मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. हिंदीच्या मिश्रा मॅडम गोष्ट रंगवण्यात पटाईत. त्या दिवशी खेळाच्या पांडे मॅडमची गोष्ट चालली होती. मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावून त्या स्वतः उन्हात खुर्ची टाकून कशा घोरतात, हे मिश्रा मॅडम घोरून दाखवत होत्या. तेवढ्यात ताई उठल्या आणि पांडे मॅडमना घेऊनच आल्या. त्यांच्या गळ्यातली शिट्टीसुद्धा अजून तशीच होती.

"आपकी ही बात चल रही थी," ताई म्हणाल्या, "सोचा, आप भी सुन लें."

मिश्रा मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं आणि शेवटी म्हणाल्या की पांडेजींच्या मुली पळतात मात्र छान. पांडे मॅडम इतक्या खूश झाल्या की घरून आणलेलं मिरचीचं लोणचं त्यांनी सगळ्यांना वाढलं. पुढे त्या दोघी एकाच रिक्षाने घरी जायला लागल्या.

मग शिक्षिकांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, प्राचार्या सोडून सगळ्यांचा. ताईंना त्यात घेतलं आणि संध्याकाळच्या आत ताईंनी प्राचार्यांनाही घेतलं. 'वे छूट गई थीं,' असं खाली लिहिलंही. त्या ग्रुपवर तेव्हापासून फक्त सुप्रभात आणि गुलाबाची फुलं येतात.

एरवी ताई आदर्श वगैरे मुळीच नव्हत्या. प्रार्थनेला उशिरा येत. पेपर तपासायला सगळ्यात शेवटी त्याच बसत, आणि पदराला कायम खडू लागलेला असे. माझा नवरा सकाळी फोनवर कामात पुढे जाणाऱ्या माणसांच्या सवयींची भाषणं ऐकतो. पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, असं बरंच काही असतं त्यात. ताईंकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांची सवय एकच, आणि तीही लोकांना अडचणीत आणणारी. तरी कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचं सासूशी बिनसलं, की ती बाई मधल्या सुट्टीत ताईंना हळूच व्हरांड्यात घेऊन जाई. जी दुसऱ्यांबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, ती आपल्या पाठीमागे आपल्याबद्दलही बोलणार नाही, हे गणित कुणी न शिकवता सुटतं.

मला त्या सवयीचा खरा अर्थ कळला तो त्याच वर्षी. मी अजून कायम झाले नव्हते. संस्थेच्या एका विश्वस्तांची नात माझ्या विषयात नापास झाली. आजोबा तडक प्राचार्यांच्या खोलीत आले. मी परप्रांतातली, माझं हिंदी मुलींना समजत नाही, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्या वाईट नव्हत्या, पण विश्वस्तांपुढे त्यांची मान आपोआप हलायची. सगळ्यात जुन्या म्हणून त्यांनी ताईंचं मत विचारायला ताईंना बोलावून घेतलं.

मी आठवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. ताई दारात आल्या.

"शुभा, फळा राहू दे तसाच. तुझ्याबद्दल बोलणं चाललंय. तू नको का तिथे?"

व्हरांड्यातून जाताना मी विचारलं, फार वाईट आहे का.

"मला नाही मालूम," ताई म्हणाल्या. "अर्धंच ऐकलंय. बाकीचं तुझ्यासमोर ऐकू."

मी खोलीत गेल्यावर आजोबांचं अर्धं बोलणं गायबच झालं. उरलेलं त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, माझं हिंदी मोडकं आहे हे खरं, पण मुलींना समजत नसेल तर मला ते सुधारायचंय. मग ताईंनी आजोबांना विचारलं, नातीलाही बोलावू का?

ती आली. आधी रडली. मग म्हणाली की तिला गणित मागच्याच वर्षापासून समजेनासं झालं होतं, मी यायच्याही आधी. पण घरात सगळे हुशार, सांगायची भीती वाटली. आजोबांनी शेजारची खुर्ची ओढून तिला जवळ बसवलं. त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती. पुढे ती शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसायला लागली आणि वार्षिक परीक्षेत कशीबशी का होईना, पास झाली. मीही कायम झाले.

त्या आनंदात मी बेसनाचे लाडू केले आणि ताईंचं घर शोधत मंगला गौरीच्या देवळाजवळ गेले. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या शिक्षिकांनाही ताईंच्या घरचं फारसं माहीत नव्हतं, मला तर काहीच नाही. गल्लीच्या पायऱ्या उतरून, एक अरुंद जिना चढून गेलं की दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट होती आणि खाटेवर उशांना टेकून एक गृहस्थ बसले होते. दाढी नीट केलेली, धोतर स्वच्छ, उजवा हात मांडीवर निपचित.

"हे आमचे हे," ताई म्हणाल्या. आणि मग त्यांना, "ही शुभा. भुसावळची."

दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य करण्यात त्यांचा जन्म गेला होता. अख्ख्या घाटावर त्यांचा आवाज घुमायचा म्हणे. मग झटका आला आणि वाचा गेली. मी आवाज खाली आणून ताईंना विचारलं, "काकांना बोललेलं समजतं का?"

ताईंनी लाडवांचा डबा खाली ठेवला. आवाज मात्र तेवढाच शांत.

"ते इथेच आहेत. त्यांनाच विचार." मग म्हणाल्या, "सगळे असंच करतात गं. ह्यांच्या पायथ्याशी उभे राहतात आणि मला विचारतात, ह्यांना काय होतं, ह्यांना काय चालतं. डॉक्टरसुद्धा. हे आपले सगळं ऐकत असतात. हळूहळू लोक यायचेही बंद झाले."

मी खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. काकांच्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "काका, कसे आहात?"

"वेळ लागतो त्यांना," ताई म्हणाल्या. "थांबशील?"

मी मान डोलावली. त्यांचे ओठ हलायला लागले, थांबले, पुन्हा हलले. खाली गल्लीतून एक गाय गेली, कुणीतरी भांडलं, भांडण मिटलं. मग काकांच्या तोंडून एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं आलं.

"भु-सा-वळ. केळी."

मी हसले. त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी म्हटलं, हो, केळीच केळी, आमच्या मामांची बागच आहे. त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"बसा, बोला तुम्ही दोघं. मी चहा टाकते," म्हणत ताई आत गेल्या.

मी मामांच्या बागेचं सांगत राहिले आणि काका मधूनमधून एकेक शब्द जुळवत राहिले. बराच वेळ आतून ना स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, ना कपबशीचा. मी मान वळवून पाहिलं तर दाराच्या फटीतून ताईंच्या पदराचा काठ दिसत होता. दाराला टेकून त्या नुसत्या ऐकत उभ्या होत्या.