पंचाच्या बायकोची पहिली पैज

कोसारा पैजेच्या दुकानात शिरली ती बस चुकली म्हणून, आणि बाहेर कान बधिर करणारा वारा सुटला होता म्हणून. एकटी असती तर दाराशीच हात चोळत उभी राहिली असती आणि पुढच्या बसने घरी गेली असती. पण बरोबर बिसेर्का होती. बिसेर्का म्हणजे तिच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण. ती दर गुरुवारी इथे चिठ्ठी लावायची आणि इथल्या खुर्चीत स्वतःच्या स्वयंपाकघरात बसावं तशी ऐसपैस बसायची.

“नुसतं बसायला कसंतरीच वाटतंय गं,” कोसारा कुजबुजली.

“मग लाव की एक चिठ्ठी. दोनशे दिनारांनी काय होतंय? अर्धं सोंबोर शहर लावतं. सरकारमान्य दुकान आहे, चोरीचा मामला नाही.”

“आणि तिहोमिर?”

तिहोमिर हा कोसाराचा नवरा. आठवडाभर टपाल कचेरीत काम करायचा आणि रविवारी दुसऱ्या विभागाच्या फुटबॉल सामन्यांत पंच असायचा. एकोणीस वर्षं झाली. दर हंगामाच्या सुरुवातीला तो संघटनेच्या एका कागदावर सही करायचा: मी पंच असलेल्या सामन्यावर मी किंवा माझ्या घरातलं कुणीही पैज लावणार नाही. सही करण्याआधी तो कागद उभं राहून, खड्या आवाजात कोसाराला वाचून दाखवायचा. राष्ट्रगीत म्हणावं तसा.

“या रविवारी कुठे आहे तो?” बिसेर्काने विचारलं.

“सुबोतित्साच्या बाजूला कुठेतरी.”

“मग तो एक सामना सोड. बाकी जग मोकळं आहे तुला.”

यात कोसाराला काही चूक सापडेना. ती खिडकीशी गेली. आत दुन्या नावाची हसरी मुलगी होती.

“पहिल्यांदाच का काकू? मग ओळखपत्र द्या, नाव नोंदवते. नव्या गिऱ्हाइकाला आमच्याकडून हजार दिनार खेळायला, आणि वर कॉफी फुकट.”

फुकट म्हटल्यावर कोसाराचं ओळखपत्र पर्समधून आपोआपच बाहेर आलं. नाव, पत्ता, सही, सगळं झालं. मग दुन्याने सामन्यांची लांबलचक यादी पुढे केली. त्यात कोसाराला एकच नाव ओळखीचं दिसलं, ब्रोदार. तीन वर्षांपूर्वी तिथल्या प्रेक्षकांनी तिहोमिरला बूट फेकून मारला होता.

“ब्रोदार विरुद्ध म्लिनार,” दुन्या म्हणाली. “कोण जिंकेल?”

“ते मला काय ठाऊक?”

“मग दुसरं काही लावा. पेनल्टी होईल का, लाल कार्ड निघेल का…”

“लाल कार्ड? ते तर निघतंच!” कोसारा इतक्या ठामपणे म्हणाली की मागच्या बाकावरचे दोन म्हातारे चिठ्ठ्यांतून मान वर काढून बघू लागले.

कोसाराने गेल्या वीस वर्षांत एकही सामना पाहिला नव्हता. तिचं फुटबॉल म्हणजे रविवारी संध्याकाळी सूप पिताना तिहोमिर सांगायचा तेवढंच, आणि तिहोमिर दर रविवारी आज कोणाला आणि का बाहेर काढलं तेच सांगायचा. लाल कार्ड म्हणजे सामन्याचा एक ठरलेला भाग, मध्यंतरासारखा, असं ती समजून होती.

“पेनल्टीही असतेच,” ती म्हणाली. “दोन्ही लाव. माझे दोनशे आणि तुमचे हजार.”

“दोन्ही झाली तर अठरा पट मिळतील काकू.”

“एवढे का देतात?”

“कारण सहसा होत नाही.”

कोसारा कीव आल्यासारखी हसली. बिचाऱ्यांना खेळातलं काही कळत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती सूप वाढत असताना फोन वाजला. तिहोमिर नुसतं “हो, हो, घेतो” म्हणाला आणि येऊन बसला.

“रविवारचं बदललं. त्या दुसऱ्या पंचाच्या पाठीत उसण भरलीय. मी ब्रोदार-म्लिनारला जातोय.”

पळी भांड्यात बुडाली ती बुडालीच. कोसाराने ती काढलीसुद्धा नाही.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच ती दाराशी उभी होती.

“चिठ्ठी रद्द कर गं बाई.”

“दहा मिनिटांच्या आत करता येते काकू. तुम्हाला दोन दिवस झालेत.”

“फाडून टाकली तर?”

“खुशाल फाडा. तुमच्या नावावर आहे ना! लागली की मी नवी छापून देईन. तुम्ही अगदी काळजी करू नका.”

“अगं, लागेल याचीच तर काळजी आहे!”

दुन्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “या खिडकीवर हे पहिल्यांदाच ऐकतेय मी,” ती म्हणाली.

घरी जाताना कोसारा मनाशीच बोलत होती. तिहोमिरला सांगून टाकावं? पण तो माणूस तिला माहीत होता. सख्ख्या मेव्हण्याला तिकिटाशिवाय मैदानात शिरताना पकडून त्याने स्वतः फाटकाबाहेर नेऊन सोडलं होतं. ऐकल्याबरोबर तो संघटनेला फोन करणार, एकोणीस वर्षांची शिट्टी त्यांच्या टेबलावर ठेवणार, आणि उद्या बाजारात लोक म्हणणार की बायको पैजा लावते आणि नवरा त्या लागतील तशी कार्डं काढतो. राहिला एकच मार्ग. उद्या लाल कार्ड निघता कामा नये.

दुपारी तिने सार्मा केला. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून तीन तास मंद आचेवर ठेवलेला, तिहोमिरचा जीव की प्राण. दुसरा तुकडा त्याच्या तोंडात जाईपर्यंत ती थांबली.

“उद्या जरा सांभाळून घे हं. कुणाची तरी लेकरं असतात रे ती.”

“कोण लेकरं?”

“खेळाडू.”

“म्लिनारचा तो बचावपटू पस्तीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी माणसाचा गुडघा मोडलाय त्याने.”

“तरी पिवळं पुरतं की. पिवळा रंगही काही वाईट नसतो.”

तिहोमिरने काटा खाली ठेवला. “कोसारा, तुला कोणी भेटलं होतं का?”

“कोणी म्हणजे?”

“क्लबचं माणूस.”

“नाही!” ती ओरडली. इतक्या मोठ्याने की हो म्हणाली असती तरी कमी संशय आला असता.

जेवून तो आडवा झाला, तेव्हा तिने त्याच्या बॅगेतलं लाल कार्ड काढून पिठाच्या डब्यात खुपसलं. रविवारी सकाळी बॅग तपासताना तिहोमिर एकदम थबकला.

“माझं लाल कार्ड गेलं.”

“पडलं असेल कुठेतरी. नसलं तर नसलं, आजचा दिवस चालवून घे.”

“एकोणीस वर्षांत पडलं नाही.” त्याने कपाटातून दुसरं कार्ड काढलं. तिसरंही तिथेच होतं. मग तो दाराशी गेला, कुलूप वाकून पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“आज दार आतून लावून घे,” तो म्हणाला. “कोणी आलं तर उघडू नकोस.”

दार लावून बसणं तिला शक्यच नव्हतं. बिसेर्काच्या गाडीतून ती मैदानावर पोहोचली. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून बिसेर्काने नवऱ्याचा ओव्हरकोट चढवला होता, डोक्यावर त्याची लोकरी टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

“एकवीस हजार सहाशे होतात गं,” बिसेर्का पायऱ्या चढताना म्हणाली. “लागू दे की मेली!”

“जीभ आवर. माझ्या संसारावर बेतलंय.”

पहिली तीस मिनिटं चेंडू चिखलात रुतून बसला होता. कोसाराला जरा हायसं वाटू लागलं. तेवढ्यात ब्रोदारचा एक खेळाडू गोलसमोर आपटला आणि तिहोमिरने शिट्टी फुंकून बोट ठिपक्याकडे केलं. पेनल्टी. अर्धं काम झालं होतं. बिसेर्काने तिचा दंड घट्ट धरला, आणि कोसाराने डोळे मिटून घेतले.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला म्लिनारचा तो पस्तीस वर्षांचा बचावपटू दोन्ही पाय पुढे करून असा घुसला की समोरचा माणूस आधी वर गेला आणि मग खाली आला. मैदान उसळलं. तिहोमिर धावत आला. पिवळं कार्ड तो छातीच्या खिशात ठेवतो आणि लाल मागच्या, हे कोसाराला माहीत होतं, कारण ती अर्धी चड्डी तीच इस्त्री करायची. त्याचा हात मागे गेला.

“तिहो, नको!”

ती कधी उभी राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही. सगळी गॅलरी तिच्याकडे वळली. तिहोमिरने वर पाहिलं. तिच्याकडे पाहिलं, तिच्या शेजारी पाहिलं, आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग तो हात हळूहळू पुढे आला आणि छातीच्या खिशातून पिवळं कार्ड बाहेर पडलं.

“ए पंचा, शिट्टी पण बायकोला विचारून मार!” कोणीतरी ओरडलं, आणि पुढची नऊ मिनिटं लोकांना दुसरं काही सुचलं नाही.

सामना संपला. लाल कार्ड निघालं नाही. “गेले एकवीस हजार,” बिसेर्का सुस्कारली. कोसाराने रडत रडत तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

तिहोमिर घरी आला आणि कोटही न काढता टेबलाशी लिहायला बसला. सूप निवून गेलं.

“काय लिहितोयस?”

“राजीनामा.” तो उभा राहिला आणि त्याच खड्या आवाजात वाचू लागला. “एक्क्याऐंशीव्या मिनिटाला स्पष्ट गुन्हा असूनही मी लाल कार्ड दाखवलं नाही. काल अज्ञात इसम माझ्या घरात शिरले, माझं कार्ड नेलं आणि माझ्या पत्नीला धमकावलं. आज तिला जबरदस्तीने मैदानात आणून बसवलं होतं. शेजारी काळा चष्मा घातलेला एक धिप्पाड गुंड तिचा दंड पकडून होता…” इथे त्याचा आवाज चिरकला. “मी आजवर कोणाला भ्यालो नाही, कोसारा. बूट खाल्ला तेव्हाही नाही. आज भ्यालो. तुला काही झालं असतं तर…”

कोसाराने त्याच्या हातातला कागद खाली केला. “अरे, तो गुंड नव्हता. बिसेर्का होती ती.”

मग तिने सगळं सांगितलं. बस, वारा, फुकटची कॉफी, दुन्या, पिठाचा डबा. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. सांगून झालं. ती वाट पाहत राहिली: आता फोन उचलेल, आता ओरडेल, आता बॅग भरायला सांगेल.

“तुला कोणी हात लावला नाही ना?” त्याने शेवटी विचारलं.

“नाही रे.”

“नक्की?”

“नक्की.”

तो खाली बसला. राजीनाम्याची घडी केली, परत उघडली, परत घडी केली.

“पेनल्टी आणि लाल कार्ड, दोन्ही?”

“दोन्ही.”

“किती पट?”

“अठरा.”

“म्हणजे किती मिळाले असते?”

“एकवीस हजार सहाशे,” कोसारा अगदी हळू म्हणाली.

तिहोमिरने निवलेलं सूप पुढे ओढलं, त्यात चमचा बुडवला आणि बराच वेळ तो ढवळत राहिला.

“पेनल्टी तर मी दिलीच होती,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि ते दुसरं…”

“काय?”

“ते लालच होतं गं.”