जीपला गार हवा पुरविण्याबाबत

यंत्रही माणसासारखाच श्वास घेतं, आणि गरम हवेत दोघांचंही कामात मन लागत नाही. माणसाच्या बाबतीत ही गोष्ट शासनाने फार पूर्वीच ओळखली होती, म्हणून साहेबांच्या खोलीत पंखा होता. यंत्राच्या बाबतीत ती ओळखायला १९७३ सालचा मे महिना उजाडावा लागला, आणि हा मान राजूरकडच्या आमच्या कचेरीला मिळाला. (कचेरीचं नाव सांगण्यासाठी परवानगी मागितली आहे. ती आली की सांगेन.)

आमच्याकडे एक जीप होती. डोंगरावरच्या वाड्यांमधली आजारी माणसं आणि अडलेल्या बायका खाली राजूरच्या दवाखान्यात आणणं, एवढंच तिचं काम. सपाटीवर ती उत्तम चाले. वाड्या मात्र सपाटीवर नव्हत्या. घाटाच्या तिसऱ्या वळणावर जीप हटकून थांबे, मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. ढकलणाऱ्यांची नोंद ठेवणं कनिष्ठ लिपिक या नात्याने माझ्याकडे होतं. वर्षाची सरासरी दर खेपेस ४.६ माणसं निघाली. (०.६ म्हणजे मी. मला दमा आहे.)

यावर मच्छिंद्र आरोटे याने उपाय सुचवला. मच्छिंद्रचं बाजारतळाजवळ गॅरेज होतं. नगरला लष्करी भंगाराच्या लिलावातून त्याने शंखाच्या आकाराची एक लोखंडी वस्तू आणली होती. तिच्यातलं चाक इंजिनाच्या धुराने फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. परदेशात तिला टर्बो म्हणतात. राजूरला शंख म्हणू लागले.

आमचे साहेब नारायणराव टोकेकर यांनी लगेच होकार दिला. त्यांचं शिक्षण संस्कृत घेऊन झालेलं असल्याने यंत्राविषयी त्यांच्या मनात कसलाही पूर्वग्रह नव्हता.

शंख बसला. पहिली दोन वळणं जीप अशी चढली, की सहादेव ड्रायव्हरने दोनदा देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या वळणावर इंजिनाच्या आतून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज येऊ लागला आणि जीप थांबली. मच्छिंद्रने शंखापासून निघालेल्या नळीला बोट लावलं आणि ते तोंडात घातलं.

"साहेब, दाबली की हवा तापती," तो म्हणाला. "तापली की फुगती. फुगलेली हवा जागा लई खाती अन् काम कमी करती. तिला गार करूनच आत सोडली पायजे."

साहेब थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्याच दिवशी हवा-शीतकरण उपसमिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेब, तज्ज्ञ मच्छिंद्र, चिटणीस मी. सहादेवला निमंत्रित म्हणून घेतलं, पण बोलण्याचा अधिकार दिला नाही, कारण तो रोज जीप चालवत असल्याने त्याचं मत एकतर्फी होण्याचा संभव होता.

पहिल्या प्रयोगात नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं. ते दुसऱ्या वळणापर्यंत वाळलं. दुसऱ्या प्रयोगात नळी पाण्याच्या माठातून नेली. माठ पहिल्याच खड्ड्यात गेला. (खड्ड्याची चौकशी चालू आहे.) तेव्हा मच्छिंद्रने हाताशी असलेल्या पत्र्याची एक भली मोठी पेटी केली, आत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं आणि भोवती पाणी व बर्फ भरायचं ठरवलं. हवा वेटोळ्यातून फिरून गार होऊन इंजिनात जाणार. पेटी बसवण्यासाठी जीपची मागची दोन्ही बाकडी काढावी लागली. कल्पना इतकी चांगली होती, की बाकड्यांबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

बर्फ संगमनेरहून एसटीच्या टपावरून भुशात गुंडाळून येई. वाटेत लादीच्या वजनात ३१ टक्के घट होई. टपाखालच्या प्रवाशांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, उलट गळतीखालच्या जागा ते आधीपासून रुमाल टाकून धरू लागले.

चाचणीच्या दिवशी जीप कुणीही न ढकलता वाडीपर्यंत गेली. बावन्न मिनिटांचा घाट चौदा मिनिटांत. ढकलणाऱ्यांची सरासरी शून्य. साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी वरच ठराव सांगितला आणि मी मांडीवर कागद ठेवून लिहून घेतला: यापुढे जीप पेटीविना हलवू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीवरचा भिमाजी भांगरे धावत खाली आला. त्याची बायको राहीबाई पहाटेपासून अडली होती.

"सुईन म्हनती, आडवं हाय," तो म्हणाला. "तिच्यानं व्हायाचं न्हाई म्हनती."

बर्फ भरलेलाच होता. सहादेव आणि साहेब पुढे बसले, मच्छिंद्र पेटीवर चढला, मी आणि भिमाजी मागे लोंबकळलो. जीप सुसाट निघाली. तिसऱ्या वळणावर साहेबांनी हवेचं तापमान मोजायला थांबायला सांगितलं. भिमाजीने हात जोडले, तेव्हा तापमान अंदाजे धरलं.

वाडीत राहीबाईंना बाजेवर अंगणात आणून ठेवलं होतं. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या सासूबाई लंकाबाई जीपजवळ आल्या आणि मागे डोकावल्या.

"अन् पोरीला कुठं घालायचं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न उपसमितीच्या एकाही बैठकीत निघालेला नव्हता. मी कागद चाळून खात्री केली.

साहेब म्हणाले, "आजी, या पेटीत हवा गार होते."

"कुनासाठी?"

"इंजिनासाठी."

लंकाबाईंनी बाजेकडे बोट केलं. "मग हवा ऱ्हाऊ द्या हितं. माझ्या सुनंला न्या."

साहेबांनी ठरावाची अडचण समजावून सांगितली. तेवढ्यात निमंत्रित सहादेव अधिकार नसताना बोलला. "साहेब, खाली जाताना समदा उतारच हाय. ताकद लागती कुठं?"

साहेबांनी हिरड्याच्या झाडाखाली तातडीची बैठक बोलावली. तिकडे लंकाबाईंनी मच्छिंद्रला विचारलं, "बाबा, पाना हाय का रं तुझ्याजवळ?" पाना होता. चार बोल्ट निघाले, पेटी सहा माणसांनी खाली उतरवली आणि मच्छिंद्रने शंखाची जुनी सरळ नळी पुन्हा जोडली. उतारावर ठराव शिथिल करण्याची दुरुस्ती मंजूर झाली, तेव्हा बाज जीपमध्ये चढलीसुद्धा होती.

बाजेजवळ मी बसलो. राहीबाईंनी माझं मनगट धरलं, ते घाट संपेपर्यंत सोडलं नाही. प्रत्येक वळणाला पकड घट्ट होई. त्या ओरडत नव्हत्या, याचीच मला भीती वाटत होती. मी त्यांना काहीतरी सांगत राहिलो. काय, ते आठवत नाही. (त्या मनगटाने पुढे चार दिवस लिहिता आलं नाही. अहवालास झालेल्या विलंबाचं कारण हेच.)

दवाखान्याच्या दारात नर्सबाईंनी त्यांना आत घेतलं, दार लागलं, आणि आम्ही पेटीच्या प्रश्नाकडे वळलो.

प्रश्न गंभीर होता. पेटी वर होती. ती आणायला जीप वर जायला हवी, आणि ठरावाप्रमाणे पेटीशिवाय जीप वर नेता येत नाही. बैलगाडीने आणावी तर बैलगाडीचा समावेश उपसमितीच्या कार्यकक्षेत नाही. दरम्यान लंकाबाईंनी बर्फ फोडून घरोघर वाटला आणि वाडी उन्हाळ्यात पहिल्यांदाच गार गुळाचं पाणी प्याली. अहवालात मी तसं लिहिलं: "शीतकरणाचा प्रत्यक्ष लाभ ४३ कुटुंबांस झाला." वरिष्ठांकडून अभिनंदनाचं पत्र आलं. पहिली पेटी खाली आणण्यासाठी दुसरी पेटी मंजूर झाली आहे. पहिलीत सध्या वाडीची गुरं पाणी पितात.

ही हकीकत मी आजवर अकरा सुशिक्षित माणसांना सांगितली. शंख आडवा बसवावा की उभा, तांब्याऐवजी पितळ चालेल का, दुसरी पेटीही वरच राहिली तर काय, असे उत्तम प्रश्न त्यांनी विचारले. आपणही आत्ता पेटीचाच विचार करत होता.

राहीबाई सुखरूप आहेत. त्यांना मुलगी झाली, साडेसहा पौंडांची. हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगायचं राहिलं होतं.

उपसमितीवर एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. आपलं नाव मी लिहून टाकलं आहे.