गुओल्बाच्या दगडफुलाची सरासरी उंची

निसर्गाचं रक्षण दुरून करता येत नाही. त्यासाठी त्याच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि उत्तरेकडच्या चराई खात्याइतकं जवळ आजवर कोणीही गेलेलं नाही. या खात्यात दगडफुलाची उंची मोजण्याचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात सात माणसं, अकरा पट्ट्या आणि गुडघ्याखाली घ्यायच्या चौदा उशा आहेत. (आठव्या माणसाची जागा उशांअभावी रिकामी आहे.)

हे दगडफूल दगडावर नाही, जमिनीवर वाढतं. गुओल्बाच्या पठारावर पाइनच्या झाडांखाली त्याचे पांढुरके, फुलकोबीसारखे गड्डे पसरलेले असतात. वर्षाला ते चार मिलिमीटर वाढतं. (खात्यातली बढतीही याच वेगाने होते, पण तिच्यावर कोणी पाय देत नाही.) हिवाळ्यात रेनडियर बर्फ उकरून तेच खातात. ओलं असताना त्यावर पाय पडला तर ते दबतं आणि पुन्हा वर येतं; सुकलेलं असताना पडला तर पापडासारखा चुरा होतो. म्हणून जुलैच्या कोरड्या दिवसांत पठारावर जायचं नसतं, जायचंच झालं तर पावसाची वाट बघायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

खात्याचं कलम नऊ मात्र सांगतं की पाहणी जुलैत आणि कोरड्या दिवशीच करावी. पावसात कागद भिजतात.

त्यामुळे दर जुलैला सात जण बूट घालून येत, आणि अचूकता राहावी म्हणून त्याच वाटेने त्याच चौकोनांपाशी जाऊन गुडघे टेकत. पहिल्या वर्षी सरासरी उंची बावन्न मिलिमीटर भरली, दुसऱ्या वर्षी एक्केचाळीस, तिसऱ्या वर्षी तेहतीस. घसरण इतकी नियमित होती की तिच्या आलेखाला खात्यात बक्षीस मिळालं. कारणही चटकन सापडलं: रेनडियर खातात.

पठारावर हिवाळा काढणारा कळप रिस्तेनचा. शेचाळीस वर्षांची, दिसायला बारीक, जिभेने तिखट बाई. कळपात जनावरं किती, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही. (वाचकाने आपला पगार चारचौघांत सांगून पाहावा, म्हणजे कारण कळेल.) पाहणी अधिकारी पेल्टोमा यांच्या अर्जात मात्र तो चौथाच रकाना होता.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"झाडाच्या या बाजूला आहेत, त्या बाजूलाही आहेत," रिस्तेन म्हणाली. "पण साहेब, आधी तुमची टाच बघा. माझं जनावर आठवड्यात खात नाही एवढं तुमच्या बुटाला चिकटलंय."

पेल्टोमांनी टाच पाहिली आणि 'टाचेवर नमुना आढळला' अशी नोंद केली.

"अहो, माझी जनावरं इथे बर्फ पडल्यावर येतात. जुलैत कोण येतं? तुम्ही येता!"

"बाई, हा भावनेचा प्रश्न नाही. सरासरीचा आहे."

"मग पावसात या ना. मी स्वतः छत्री धरते."

"छत्रीची तरतूद नाही," पेल्टोमा म्हणाले, आणि खरंच नव्हती.

खातं तक्रारींची दखल घेणारं आहे. 'पाहणीमुळे दगडफूल तुडवलं जातं का' हे तपासायला पुढच्या जुलैत एकतीस जण आले आणि चारशे चौकोन तुडवून गेले. निष्कर्ष असा निघाला की तुडवलं जातं. कोण तुडवतं, यासाठी वेगळी पाहणी लागेल. जाताना त्यांनी प्रत्येक चौकोनातला सर्वांत उंच गड्डा नमुना म्हणून उचलून नेला. नमुना मोडू नये म्हणून आधी त्यावर झारीने पाणी शिंपडलं. (झारीची तरतूद होती.) उंच गड्डे गेल्यावर उरलेल्यांची सरासरी भरली एकोणीस. तीसच्या खाली गेली की कळप निम्मा करावा, असं कलम चौदा सांगतं. हुकूम जुलै संपायच्या आतच आला.

रिस्तेनने तो योव्नामामाला वाचून दाखवला. मामा तेव्हा पिल्लांच्या कानांना मालकीच्या खाचा पाडत बसला होता.

"निम्म्या म्हणजे कुठल्या मामा? यंदा व्यायल्या त्या कापू, की पुढच्या वर्षी विणार आहेत त्या?"

"आधी त्या पेल्टोमाला धरून आण," मामा म्हणाला. "कानाला खाच पाडू. म्हणजे हे ध्यान कोणाचं, ते तरी कळेल."

रिस्तेन हसली नाही. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी तिने दक्षिणेची बस धरली.

एकोणीस तासांनी ती खात्याच्या मुख्य कार्यालयात पोचली, तर समोर जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर दगडफूल. हिरवा रंग दिलेलं, पण ओळखू न येण्याइतकी ती काही परकी नव्हती. वर पाटी होती: 'गुओल्बाचे नमुने. आम्ही निसर्गाच्या सहवासात काम करतो.'

"खरं आहे हं," स्वागत टेबलावरची मुलगी कौतुकाने म्हणाली. "पाणी नको, ऊन नको. आणि चरायलाही कोणी येत नाही."

रिस्तेनने पिशवीतून पट्टी काढली. भिंत बारा ठिकाणी मोजली. अडुसष्ट मिलिमीटर. दिवस कोरडा होता, कागद भिजले नव्हते. कलम नऊचं तंतोतंत पालन झालं. नमुने गुओल्बाचे आहेत हे खात्यानेच पाटीवर लिहिलं होतं, तेव्हा ते धरून नवी सरासरी त्रेचाळीस आली. खातं आकड्यांशी प्रामाणिक आहे. तासाभरात हुकूम रद्द झाला.

"पण खायला घालू कुठे?" तिने विचारलं. "पठारावर तर तुम्ही काही ठेवलंच नाही."

"सरासरीत पुरेसा चारा आहे," रद्दचा कागद हातात देत पेल्टोमा म्हणाले; पाहणी नसली की ते याच कार्यालयात बसत. "तो नेमका कुठे आहे, हे या विभागाकडे येत नाही."

नमुन्यांची उरलेली पोती कुठे गेली, ते मात्र दुसऱ्या एका विभागाकडे येत होतं. तिथून रिस्तेनने यादी मिळवली. जगभरातल्या सजावटवाल्यांनी ती विकत घेतली होती, आणि यादीत तुमच्या ऑफिसचा पत्ता आहे. होय, तीच हिरवी भिंत, जिच्यासमोर पर्यावरण दिनाला फलक धरून तुम्ही फोटो काढलात, आणि खरी आहे का हे बघायला कोणाचं लक्ष नसताना एक चिमूट तोडलीत.

आता नोव्हेंबर लागला आहे. सगळाच्या सगळा कळप पठारावर बर्फ उकरतो आहे आणि खाली माती लागते आहे. रिस्तेनने एवढंच विचारलं आहे, तुमचं ऑफिस रविवारी उघडं असतं का?