मुनीरभाईंची भूक

मुनीरभाई बागवान रोज सकाळी स्वतःला मोसंब्यांच्या काट्यावर तोलून घ्यायचे. परळीच्या फळबाजारात त्यांची आडत आहे. तिथे क्रेट मोजायचा जो लोखंडी काटा आहे, त्यावर लिलावाच्या आधी ते चपला काढून उभे राहायचे आणि त्यांच्याच वयाचा बबन हमाल मोठ्यानं आकडा वाचायचा. किलोची भाषा मुनीरभाईंनी स्वतःसाठी कधी वापरली नाही.

"एक क्विंटल चौदा!" बबन ओरडायचा.

"बारदाना वजा कर बे."

बारदाना म्हणजे एरवी मालाची पोती-खोकी; इथे त्यांचा पायजमा, सदरा आणि खिशातला मोबाइल.

आमची घरं एका भिंतीची. शाळेत शिकवायला जाताना मी त्यांच्या आडतीवर चहाला टेकतो, ही सवय आता फार जुनी झाली. चहा येईपर्यंत मुनीरभाई परळीच्या वीजकेंद्रातून उडून फळांवर बसलेली राख फडक्यानं पुसत बसतात आणि गावातल्या माणसांचा भाव काढतात. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. एक पाडाची, म्हणजे झाडावर आपसूक पिकलेली. दुसरी कार्बाइडची. "त्यो नगरसेवक? वरून पिवळा, आत आंबट. कार्बाइड हाय सर, कार्बाइड." मी कुठल्या प्रकारात मोडतो हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. एकदा ते माझ्याकडे बघून "अजून अढीत हाय" असं काहीतरी पुटपुटले होते.

प्रत्येक लॉटातलं फळ चाखायचं, हा त्यांचा धंद्याचा नियम. "चाखल्याबगर भाव कसा सांगू?" असा त्यांचा सवाल असायचा. फळाबद्दल ते ठीक होतं. पण समोरच्या गाड्यावरची भजी, शेजारच्या हॉटेलातली जिलबी आणि बबनच्या डब्यातलं पिठलं यांचाही भाव त्यांना सांगायचा असे. दुपारी घरी जाऊन ते परत जेवायचे. भिंतीपलीकडून रझियाभाभींच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की तो लवकर थांबत नसे.

गुडघे मात्र हे सगळं वजन सांभाळून थकले. मशिदीत त्यांना खुर्चीवर बसून नमाज पढावी लागू लागली. "आमदारासारका खुर्ची टाकून बसतो बगा," असं ते हसत सांगायचे. पण ते सांगताना फळ पुसायचा हात थांबायचा. वर शुगरही निघाली. शेवटी अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची सुई लिहून दिली. शुगरही उतरेल आणि वजनही.

पहिली सुई रझियाभाभींनी पोटावर टोचली त्या दिवशी मुनीरभाईंनी असा काही आवाज काढला की माझी बायको हातातलं लाटणं घेऊन अंगणात आली. सुई केसाएवढी होती, हे भाभींनी नंतर सांगितलं.

थोड्याच दिवसांत ते चहा घेताना फार गंभीरपणे म्हणाले, "मसला असा हाय सर, भूकच लागंना. आदी डोक्यात दिवसभर लिलाव चालायचा. समोसा घेऊ का जिलबी, जिलबी घेऊ का केळी. त्यो लिलावच बंद पडला. लई शांत वाटतंय. भ्या बी वाटतंय."

वजन उतरू लागलं. क्विंटलच्या खाली आले त्या दिवशी त्यांनी अख्ख्या बाजाराला केळी वाटली आणि स्वतः अर्धंच खाल्लं. सदरे झुलू लागले, गालाची कातडी सैल पडली. युसूफ वडगाव या गावचा एक शेतकरी सीताफळं घेऊन आला आणि मुनीरभाईंच्याच तोंडाकडे बघून त्यानं विचारलं, "मुनीरशेठ कुठं गेलेत?"

"मीच की बे!"

त्या शेतकऱ्यानं बबनला बाजूला घेतलं. "काय निघालं रिपोर्टमदी?" असं त्यानं डोळे पुसत विचारलं. पुढं बरेच दिवस बाजारात कुणीही मुनीरभाईंशी भावावरून भांडलं नाही. त्यांना याचा फार राग आला. "भांडा की! मी काय मराय लागलोय का?"

पण एका शुक्रवारी ते मशिदीतून थेट माझ्याकडे आले. मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो. ते समोर बसले आणि कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "सर, आज हे जमिनीला टेकलं." एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मी पाणी आणायला आत गेलो आणि मुद्दाम थोडा वेळ लावला.

असं सगळं छान चाललेलं असताना आंब्याचा सीझन आला.

समोर केशर आंब्याचे ढीग, आणि फळाच्या व्यापाऱ्याला दोन फोडीत पोट भरल्यासारखं होतंय. मुनीरभाईंनी चार दिवस सोसलं आणि सुई बंद केली. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, भाभींना सांगितलं नाही. मला तेवढं सांगितलं, तेही तत्त्वज्ञान म्हणून. "सुईनं उतरलेलं वजन म्हंजे कार्बाइडचं पिकनं हाय सर. आता मी पाडाचा बारीक हुनार."

सुरुवातीला काही झालं नाही. भूक बेताची, आंबा गोड. "बगा, सवय लागून गेली पोटाला," असं ते छाती काढून सांगत होते. औषध अंगातून पुरतं उतरायला थोडे आठवडे लागतात, हे ना त्यांना माहीत ना मला.

मग भूक आली. "गेली तवा एकटी गेलती," मुनीरभाई म्हणाले, "आली तवा खानदान घेऊन आली." डोक्यातला लिलाव पुन्हा सुरू झाला, आणि आता बोली लावणारे दुप्पट. बबन आपला डबा क्रेटांच्या मागे लपवू लागला. एके दिवशी तर मुनीरभाई माझ्याबरोबर चालत शाळेच्या फाटकापर्यंत आले. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चाललंय. फाटकाशी त्यांनी माझ्या पिशवीला हात लावला. "भाजी कंची हाय?"

"दोडका."

"चाखतो. भाव सांगतो."

डबा रिकामा झाला. भाव त्यांनी चांगला सांगितला.

ते काट्यावर चढेनासे झाले. "काटा बिगडलाय" म्हणाले. मोसंब्यांसाठी तोच काटा बरोबर चालत होता, पण हे बबननं किंवा मी बोलून दाखवलं नाही. गंमत हळूहळू ओसरत गेली. मशिदीतून येताना ते ओट्यावर बसायला लागले. एकदा मी शेजारी बसलो तर म्हणाले, "आज उठताना दोगांनी धरलं. सर, मला परत त्या खुर्चीवर न्हाई बसायचं." आणि मग हळूच, "माझ्यातच दम न्हाई. लोकं म्हन्तेत तेच खरं. तोंडाला आवर न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी रझियाभाभी आमच्या दारात. सुई बंद केल्याचं त्यांना कळलं होतं, कारण फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे ती तशीच भरलेली सापडली होती. आणि आता मुनीरभाई म्हणत होते की राहिलेलं सगळं एकदमच भरून काढतो, मोठा डोस मारतो. "सर, तुमी सांगा यांना. माझं ऐकत न्हाईत."

मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि अंबाजोगाईला नेलं. घाटात गाडीनं थोडी कुरकूर केली. "बारदाना लई झाला का?" मागून आवाज आला. बऱ्याच दिवसांनी आलेला तो विनोद होता, म्हणून मी जरुरीपेक्षा जास्त हसलो.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, वजन घेतलं. शुगर वर सरकली होती. मुनीरभाई परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे मान खाली घालून बसले होते.

"मुनीरभाई, हे होणारच होतं," बाई म्हणाल्या. "सुई भूक दाबून धरते. सुई सुटली की भूक परत येते, कधी आधीपेक्षा जोरात. शरीराला आपलं जुनं वजन हवं असतं, ते मागून घेतं. बहुतेकांचं थोडंफार वजन परत येतंच."

"म्हंजे माझी चुकी न्हाई?"

"भुकेत तुमची चूक नाही. न विचारता बंद केलीत, ती चूक तुमची."

मुनीरभाईंनी मान वर केली. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला पाहिला नव्हता.

मोठ्या डोसाचं ऐकून मात्र बाई चांगल्याच तापल्या. इतके दिवस मध्ये गेल्यावर एकदम जुन्या डोसावर चढलात तर उलट्यांनी आडवे व्हाल, म्हणाल्या. परत घ्यायचीच तर अगदी लहान डोसापासून, माझ्या देखरेखीखाली. नाहीतर शुगरची गोळी घ्या, ताटात आधी डाळ, अंडी, भाजी आणि मग भाकर, रोज चालणं, थोडं वजन उचलणं, आणि तपासणीला वेळेवर येणं. तरीही चार-पाच किलो वाढतील, त्यानं खचायचं नाही.

मुनीरभाईंनी विचार केला. "आदी बिगर सुईचं बगतो. न्हाई जमलं तर तुमी म्हनाल तशी सुई."

वजन उचलायला त्यांना कुठं जायची गरज नव्हती. बबनबरोबर ते क्रेट उचलू लागले. बबन म्हणायचा, "शेठ, आता हमाली तुमालाच द्यावी लागंल." वजन अजून थोडं वाढलं आणि मग एका जागी थांबलं, पहिल्या आकड्याच्या बरंच खाली. मशिदीत ते जमिनीवरच बसतात. उठताना एक हात भिंतीला लावतात, एवढंच.

एका रविवारी दुपारी मी भाभींचं लोणच्याचं भांडं परत द्यायला गेलो. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात रझियाभाभी जेवत होत्या आणि मुनीरभाई त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांचं ताट बाजूला, कोरडं. गॅसवर तव्यात एक भाकर गरम होत होती.

"तुमचं झालं?" मी विचारलं.

"न्हाई अजून. मसला असा हाय सर..." आणि ते थांबले. भाभींनी पदर तोंडाला लावला.

ते मला सोडायला दारापर्यंत आले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. "सुई चालू होती तवा भूक नसायची. दोन घास खाऊन तितंच बसून रायचो, काम न्हाई धंदा न्हाई. तवा पैल्यांदा हिला जेवताना बगितलं. लगीन होऊन जिंदगी गेली सर, ही जेवते कशी मला ठावंच न्हवतं. मी जेवायचो तवा ही भाकरी थापायची. ही जेवायची तवा मी घोरायचो. हिला जेवनात कच्चा कांदा लागतो. मला न्हवतं म्हाईत. आन थंड, करपलेली भाकर ही सोताला ठिवायची. रोज."

मी लोणच्याचं भांडं दाराशी ठेवलं.

"आता भूक आली परत. लई लागती, खोटं कावून बोलू? पर आदी ती जेवती. गरम. मग मी."

आतून भाभींची हाक आली, "अब आओ जी, बस हुआ मेरा."

"नक्को, एक और है तवे पे," ते ओरडले आणि लगबगीनं आत गेले. चिमटा न घेता त्यांनी तव्यावरची भाकर बोटांनीच उचलली, "अल्ला!" म्हणत भाभींच्या ताटात टाकली, आणि भाजलेली बोटं झटकून बुक्कीनं कांदा फोडला. त्यांचं पोट एवढ्या जोरात गुरगुरलं की ते मला दारात ऐकू आलं. भाभींनी कांद्याची पाकळी उचलली आणि त्या सावकाश जेवत राहिल्या.