डेन्मार्कची रीत दूध कट्ट्यावर

"आपल्याकडं मदतीचा नुसता सुळसुळाट झालाय," आठवडाभराचा अभ्यासदौरा करून डेन्मार्कहून परतलेले गणपतराव सांगत होते. कोल्हापुरात समजायला-शिकायला वेळ लागणाऱ्या प्रौढांची कार्यशाळा ते चालवत. दोन हजार तीन साल होतं. आता सरकारचं धोरणच बदलून दाखवतो, अशी त्यांची गर्जना होती. "तिकडं ही माणसं एकटी बाजारात जातात. सोबती लांबून बघतो. मागितल्याशिवाय मदत करायची नाही, हा नियम!"

हा नियम त्यांनी कार्यशाळेत इतका घोटून घेतला, की तिशीतला कृष्णात तो झोपेतही म्हणे.

कृष्णातची आई बायडाबाई मात्र त्याचा हात सोडायला तयार नव्हती. अखेर ती म्हणाली, "एकदा जाऊ दे दूध कट्ट्यावर. पर काय इपरीत झालं, तर परत त्येला एकटं सोडनार न्हाय." कृष्णातचं सारं स्वातंत्र्य पेलाभर दुधावर येऊन ठेपलं.

संध्याकाळी कृष्णात ऐटीत निघाला. मागून गणपतराव, भर एप्रिलात डेन्मार्कचा लांब कोट घालून. कृष्णातनं रस्ता नीट ओलांडला, गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोरच धार काढतात त्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध मागितलं, पैसे दिले. गणपतरावांचा ऊर भरून आला. एवढ्यात कृष्णात मागं वळला, तसे ते घाईनं एका म्हशीमागं दडले आणि तोल सावरायला त्यांनी तिचं दावं धरलं. म्हैस बुजून चालू लागली. दावं मनगटाला गुंडाळलं गेलं होतं, त्यामुळं गणपतरावही चालू लागले.

"म्हस पळवतोय की ह्यो!" गवळी ओरडला. बघता बघता अख्ख्या कट्ट्यानं त्यांची कॉलर धरली.

"अहो, मी डेन्मार्कची पद्धत राबवतोय."

"म्हशी चोरायची पद्धत तितनं आणलीस व्हय रं?"

गणपतरावांनी आशेनं कृष्णातकडं पाहिलं. तो शांतपणे दूध पीत उभा होता.

"कृष्णात, बघत काय राहिलास?"

"तुम्ही मदत मागितलीच न्हाय की."

"मागतो बाबा, मागतो! सोडव मला."

कृष्णातनं पेला ठेवला, दुधाची मिशी पुसली. "सोडा त्यास्नी. आमचं सर हाईत. एकटं हिंडायची सवय न्हाय त्यास्नी."

घरी बायडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. गणपतराव मान खाली घालून निकालाची वाट बघत होते.

"कृष्णात जाईल आता रोज एकटा," ती म्हणाली. "पर सर, तुमी मागनं लपत जाऊ नगा. जायचंच असंल तर त्येचा हात धरून जावा."

गणपतरावांनी कृष्णातपुढं हात केला.